उचलून नेणारा भाऊ

गेल्या महिन्यात गावच्या समाजमंदिरात माझा सत्कार झाला. पोलिओने पाय गेलेल्या धाकट्या बहिणीला मी जन्मभर पाठीवर वाहिलं, म्हणून. शाल, नारळ, वर 'श्रावणबाळ' ही पदवी. शालीची घडी अजून मोडलेली नाही. खरं काय ते लिहून ठेवतो, नाहीतर माझ्यामागे गावात ती शालच उरेल.

बहीण रेवस रस्त्यावरच्या पतपेढीत नोकरीला लागली तेव्हा कचेरी वरच्या मजल्यावर होती. मॅनेजर भला माणूस. म्हणाला, "खाली खताच्या गोणींची खोली आहे. ती रिकामी करून बाईंचं टेबल तिथेच लावू." ती काही बोलायच्या आत मीच म्हटलं, "कशाला साहेब? मी आहे ना!" टेबल वरच लागलं.

ती निवृत्त होईपर्यंत मी शाळेत शिकवायला जाताना तिला वर पोचवायचो आणि संध्याकाळी खाली आणायचो. नाक्यावरची माणसं चहा पिता पिता थांबून बघायची. मला ते आवडायचं.

सत्काराचं निमंत्रण आलं त्या दिवशी ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दादा, पतपेढीचा संडास खाली होता. आठवतं?"

"हो."

"म्हणून मी दिवसभर पाणी प्यायचे नाही. हे कधी आलं तुझ्या डोक्यात?"

मुतखड्यासाठी तिला अलिबागला डॉक्टरकडे मीच न्यायचो. आणि पाणी पीत नाही म्हणून परतीच्या एसटीत मीच तिला रागवायचो.

इतकं ऐकूनही मी सत्काराला गेलो. समाजमंदिराला नवी लादी, नवी कमान, पायऱ्या मात्र त्याच. तिची बॅटरीवर चालणारी चाकांची खुर्ची खालीच अडली. शेजारची पोरं धावली.

"आत्या, नीट बस. दोन मिन्टांचं काम हाय."

"मी काय भाताची गोण आहे?"

"गोण न्हाय गो, गोण जड असते!"

सगळे हसले. ती हसली नाही. "हात लावू नका," म्हणाली. तेवढ्यात अध्यक्ष माइकवरून म्हणाले, "भावाच्या पाठीशिवाय ताई येणार नाहीत!" टाळ्या पडल्या. माझी कंबर केव्हाच गेली आहे, तरी त्या टाळ्यांवर मी वाकलो. ती माझ्या कानाशी म्हणाली, "उचललंस तर जन्मात बोलणार नाही."

मी एकटाच वर गेलो. तिच्यावरच्या माझ्या मायेची भाषणं चालली असताना ती बाहेर उन्हात बसून होती. उठून खाली यायला हवं होतं. आलो नाही.

दुसऱ्या दिवशी घरच्या ओट्याला उतार करायला गवंडी बोलावला. तो म्हणाला, उतार लांब हवा, तुळशीवृंदावन हलवावं लागेल. मी नको म्हटलं. मग त्याने आहे त्या जागेत बसवला, ती घसरगुंडीच झाली. खुर्ची मागे आली, बहीण भिंतीवर आपटली. तो उतार फोडला. शेवटी तुळस हलवली, तेव्हा शेजारीण म्हणाली, "आता घराला बरं न्हाय." जन्मभर बाईला उचलून न्यायचं, त्यात कुणाला वाईट दिसलं नाही. तुळस हातभर सरकली तर गावाला घोर! नवा उतार वाळतो न वाळतो तोच शेजाऱ्याने त्यावर मोटरसायकल लावली. मी रोज ओरडून ती काढायला लावतो.

परवा संध्याकाळी ती एकटी उताराने खाली उतरली. मी लगबगीने उठलो. "थांब, मी येतो."

"नको."

"निदान कुठे चाललीस ते सांग."

"आल्यावर सांगेन."

खुर्चीच्या पिशवीत पाण्याची भरलेली बाटली होती. ती परतली तेव्हा काळोख पडला होता. कुठे गेली होती ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.