अदलाबदलीचा तास

विद्यापीठात संगणक शिकवणाऱ्या बाईंचा एक नेम होता. सत्राच्या मध्यावर पोरांचे प्रोग्रॅम जरा कुठे चालायला लागले, की त्या गटांची अदलाबदल करून टाकायच्या. ग्रंथालयाचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या गळ्यात दवाखान्याचा पडायचा, दवाखानावाल्यांच्या गळ्यात ग्रंथालयाचा. मग लॅबमध्ये नुसता कल्ला.

"मॅडम, दुसऱ्यांची खरकटी आम्ही का घासायची?"

"नोकरीत जन्मभर तेच करायचंय, बाळांनो. आणि तुमची कोण घासणार, याचाही विचार करा आता."

एका वर्षी सगळ्यात जास्त थयथयाट केला तो 'सुसाट' नाव पडलेल्या एका पोराने. प्रश्न फळ्यावर पुरता उतरायच्या आत याचं उत्तर तयार. पण पंधरवड्याने स्वतःचंच लिहिलेलं स्वतःला उलगडायचं नाही. बाईंनी त्याला शेजारी बसवून आधी काय हवंय ते विचारायला, मग लिहायला शिकवलं. पुढे तो त्यांच्याच विभागात शिकवायला लागला. रविवारी जेवायला बाईंकडे. त्यांना ताई म्हणायचा, त्यांच्या नवऱ्याला भावजी.

यंदा एका सोमवारी विभागप्रमुखांनी बाईंना बोलावलं. "अदलाबदल बंद करा. तक्रार आलीय."

"पोरं दरवर्षीच कुरकुरतात, सर."

"पोरांची नाही हो." प्रमुख खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुमच्या सुसाटची. पुढच्या सत्रापासून तोच घेईल हा विषय. तुम्ही पहिलं वर्ष सांभाळा."

बाई तडक स्टाफरूममध्ये गेल्या. तो चहा ओतून घेत होता.

"अरे, माझं चुकत होतं तर मला सांगायचंस."

"ताई, मुलाखतीत कोडी घालतात. दुसऱ्याचा प्रोग्रॅम वाचायला कोण देतं? पोरांच्या नोकऱ्यांचं बघायला नको?"

"मग भांडायचंस माझ्याशी! कदाचित ऐकलंही असतं मी. काल माझ्या शेजारी बसून जेवलास. तेव्हा माहीत होतं तुला?"

त्याने मान खाली घातली. "हो."

घरी नवरा समजूत काढायला लागला, तशा बाई म्हणाल्या, "विषय गेला तर गेला. पण दोनदा भाजी मागून घेतली हो त्याने. केसाने गळा कापला."

रविवारचं त्याचं येणं आपसूक थांबलं. पुढचं सत्र सुरू झाल्यावर एकदा जिन्यात तो आडवा आला. "ताई, तुमचे जुने प्रकल्प बघायला मिळतील?"

"कपाटात आहेत, सर. घ्या तुम्ही."

"सर? ताई, मला अहो-जाहो?"

बाईंनी बाजूला होऊन त्याला वाट दिली आणि पहिल्या वर्षाच्या वर्गावर गेल्या.