नख अडलं की काम बाकी

आमचे चंदीगडचे आजोबा कुठल्याही नव्या वस्तूवरून आधी अंगठ्याचं नख फिरवायचे. शेजारच्या बत्राजींनी नवी गाडी घेतली आणि पेढे द्यायला आले, तर आजोबा पेढा हातात तसाच धरून खाली उतरले आणि गाडीच्या दारांच्या फटींवरून नख ओढू लागले. बत्राजी हात जोडून उभे. "अंकल जी, पास है या फेल?" मागच्या दाराशी नख थांबलं. "यहाँ अटकता है जी." वरून गॅलरीतून आजी ओरडली, "अहो, ती त्यांची गाडी आहे! तुम्ही पेढा खा गुमान!"

आजोबा म्हणजे आईचे वडील. पिंजौरच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर होते. निवृत्त झाल्यावर कराडला परततील असं सगळे धरून चालले होते, पण ते इथेच दोन खोल्यांचं घर घेऊन राहिले. लहानपणी मी त्यांना दोनदाच पाहिलं, दोन्ही वेळा कुणाच्या तरी लग्नात, आणि दोन्ही वेळा त्यांनी मला "कितवीत आहेस?" एवढंच विचारलं. तिसऱ्यांदा भेटलो तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. नववीत शाळा सोडलेली, त्यानंतर धरलेली चार कामंही सुटलेली. मामाने पुण्याहून फोनवर बजावलं होतं, "राहा त्यांच्याकडे, पण लक्ष ठेव. त्यांना एकट्यानं जमत नाही असं दिसलं की लगेच कळव. मी दोघांनाही इकडे आणतो."

गाडीत दीड दिवस मी त्या एका प्रश्नाचं उत्तर जुळवत होतो. आजोबांनी तो विचारलाच नाही. माझे तळवे उलटसुलट करून बघितले आणि म्हणाले, "हात पक्के आहेत. बाकी होईल."

गॅलरीत त्यांनी एक व्हाइस बसवला होता. त्यात लोखंड आवळायचं आणि कानशीने घासायचं. एका पट्टीत चौकोनी भोक करायचं आणि त्यात घट्ट बसेल असा चौकोनी ठोकळा, हाच माझा पहिला धडा. ठोकळा बसला की जोडावरून नख फिरवायचं. "नख अडलं की काम बाकी," ते म्हणायचे. पुढे शब्द नाही, रागही नाही. चार महिने माझं काम बाकी होतं. आजी म्हणायची, "पोरगं लोखंडाला वाहिलंय का काय तुम्ही? जेवू तरी द्या." मग एकदा नख अडलं नाही, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला मोहालीत त्यांच्या जुन्या शागिर्दाच्या, हरपालजींच्या वर्कशॉपमध्ये नेऊन उभं केलं. माझ्यासाठी त्याआधी कुणी कुठे शब्द टाकला नव्हता.

त्या घरात राहून मला ते दोघं कळत गेले. आजी चाळीस वर्षं इथे राहूनही भाजीवाल्याला कराडच्या मराठीत झापायची, तो पंजाबीत उत्तर द्यायचा आणि दोघंही खूष असायचे. तिचा खांदा आखडला होता, म्हणून रोज सकाळी आजोबा तिची वेणी घालून अंबाडा बांधायचे. भांग सरळ आलाय का हे लांबून एक डोळा मिटून बघायचे.

दुसऱ्या वर्षी अंबाडा ढिला पडू लागला. "हल्ली हात चालत नाहीत यांचे," आजी म्हणाली. मी ऐकलं. मामाचा फोन आला तेव्हा मी सांगितलं, सगळं ठीक आहे. ते पुण्याला गेले तर मला परत जावं लागेल, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

त्याच दिवाळीत मी नवीन ठोकळा केला. त्यांनी नख फिरवलं. "पास." मी तो मिरवत हरपालजींकडे नेला. त्यांचं नख मध्येच अडलं. "एह किन्ने पास कित्ता, ओए?" मी म्हणालो, नानाजींनी. ते माझ्याकडे बघत राहिले, मग ठोकळा परत देऊन मशीनकडे वळले. मला वाटलं, आजोबांनी मायेने सोडून दिलं असेल. आणि मला ते आवडलंही.

जानेवारीत धुक्यामुळे आठवडाभर ऊन पडलं नाही. एका दुपारी आजोबा रजईत पडून होते. मी गरम पाण्याची रबरी पिशवी भरून त्यांच्या पायाशी ठेवली. फडकं गुंडाळायचं राहिलं. विचारलं, "आजोबा, चटका नाही ना बसत?"

"झकास. राहू दे."

तासाभराने आजीने रजई उचलली तेव्हा टाच आणि तळवा फोडांनी भरला होता.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी दुसऱ्या पायाच्या तळव्याला सुई टोचली. पाय हलला नाही. मग हाताच्या बोटांना टोचली. तीही हलली नाहीत. "बाबूजी, कब से सुन्न है?"

आजोबा डॉक्टरांकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाले, "पैर दो साल से. हाथ पिछले साल से." डॉक्टर गेल्यावर मी विचारलं, सांगितलं का नाहीत. ते म्हणाले, "सांगितलं असतं तर तुझ्या मामानं उचलून पुण्याला नेलं असतं. मग तू कुठं गेला असतास?"

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांना ते कळलं की नाही, मला माहीत नाही.

जखम चिघळत गेली, विष अंगात भिनलं. अकराव्या दिवशी ते गेले. मामा आला, बत्राजींनी गाडी काढली, हरपालजींनी खांदा दिला. लोक मला रडून घे म्हणत होते. मला रडू येत नव्हतं. देतील तो चहा पीत होतो, सांगतील तिथे बसत होतो. पिशवी मी भरली होती हे मी मामाला सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे."

आता आजी पुण्यात मामाकडे आहे. मी हरपालजींच्या वर्कशॉपच्या वरच्या खोलीत राहतो. रविवारी तिचा व्हिडिओ कॉल येतो. तिचे केस आता मामी विंचरते, भांग वाकडा असतो. खिडकीतला तो दिवाळीचा ठोकळा तिला दिसतो, म्हणून ती विचारते, "अडतंय का रे अजून?"

मी नख फिरवून बघतो. "अडतंय."

"मग घास की, पोरा."

मी हो म्हणतो. कानस हाताशीच असते. पण तो ठोकळा त्यांनी पास केलेला आहे.