लाईन बंद हाय

सिंधुबाईंनी घरात ब्रॉडबँड घेतलं ते भाडेकरू पोरींसाठी, असं गल्लीत सगळे समजत होते. लातुरात क्लासचं पीक जोरात आलेलं. बाईंच्या वरच्या खोल्यांत कंधार-रेणापूरकडच्या पोरी राहायच्या. नेट असलं की खोल्या रिकाम्या पडत नाहीत, हे खरंच. पण बाईंनी ते घेतलं समोरच्या रामलिंगअप्पांसाठी. एक दिवस अप्पा नडीला येतील आणि आपण त्यांना सांगायचं, लाईन बंद आहे. सांगताना ती ठणठणीत चालू असायला हवी. नाहीतर मजा काय!

भूकंप झाला त्या सकाळी बाई याच घरात होत्या आणि त्यांची आई किल्लारीकडच्या गावात. गल्लीत फोन एकच, डाळीचे व्यापारी रामलिंगअप्पांचा. बाई अनवाणी धावल्या.

"अप्पा, आईचा पत्ता लागंना. जखमी लोकं सोलापूरला नेलेत म्हणं. एक फोन लावून द्या."

"लाईन बंद हाय," अप्पा म्हणाले. "भूकंपात तुटली."

फोनच्या डायलला छोटं पितळी कुलूप लटकत होतं. बंद फोनला कुलूप कोण लावतं? तरी बाई त्यांच्या ओट्यावर बसून राहिल्या, माणसाला दया येईल म्हणून. दुपारी आतून अप्पांचा आवाज आला. फोनवर तुरीचा भाव विचारत होते. बाई उठल्या, मदतीच्या टेम्पोत बसून गावी गेल्या आणि तिथल्या ढिगाऱ्यात आईला शोधत राहिल्या. आई मात्र सोलापूरच्या दवाखान्यात होती. दोन दिवस लेकीचं नाव घेत होती, मग गेली, असं शेजारच्या खाटेवरच्या बाईनं नंतर सांगितलं. बाईंनी त्या दिवसापासून अप्पांवर डूख धरला, आणि त्याची त्यांना कधी लाज वाटली नाही.

म्हणूनच टेलिफोनवाला जीशान मोडेम जोडून निघाला तेव्हा बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. आधी फोन वाजवून दाखव म्हणाल्या. फोन वाजला आणि नेट पडलं. फोन आणि नेट वेगळं करणारी डबी लावायची राहिली होती. जीशाननं जीभ चावत ती लावली. पुढच्या आठवड्यात वारं सुटलं की मोडेमवरचा डीएसएलचा हिरवा दिवा लुकलुकायचा. खांबावरचा जोड सैल निघाला. बाईंनी अंगणातली सगळी वायर बदलून घेतली, लाईट जाते म्हणून इन्व्हर्टर बसवला, सगळ्या पोरींना एकदम नेटवर बसवून बघितलं.

"मावशी, घरच्या नेटला येवढं कोण तपासतंय?" जीशान वैतागला.

"मला ऐन वक्ताला दगा नको," बाई म्हणाल्या.

ऐन वक्त आला तो जुलैत. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या पसंतीचा फॉर्म नेटवरच भरायचा होता, शेवटच्या दिवशी पाचपर्यंत. दुपारीच लाईट गेली. ज्या कॅफेत जनरेटर, तिथं पोरांची झुंबड. तेवढ्यात अप्पांची नात शिल्पा कॅफेच्या रांगेतून थेट बाईंच्या दारात आली, दप्तर पोटाशी धरून.

"मावशी, लाईन चालू हाय का?"

इतकी वर्षं घोकलेलं वाक्य बाईंच्या तोंडात तयार होतं. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. "आत जा, पोरींच्या कॉम्प्युटरवर बस," बाई म्हणाल्या, आणि मग स्वतःवरच चडफडत चुलीपाशी भांडी आदळत राहिल्या. सूड हातचा गेला होता.

आणि मग अप्पा आले. काठी टेकत, धापा टाकत.

"सिंधुताई, शिल्पा कुठं रांगेत अडकली कळंना. तिला हुडकून आणतो. तेवढं तुझ्या नेटवर..."

बाईंच्या मनात उकळी फुटली. "लाईन बंद हाय," त्या म्हणाल्या. "भूकंपात तुटली."

दाराशेजारच्या फळीवर मोडेमचा हिरवा दिवा स्थिर जळत होता. अप्पांनी तो पाहिला. पोरगी शोधायला जायचंही त्यांना सुचलं नाही. मटकन ओट्यावर बसले. बाई दारात तांदूळ निवडत बसल्या. आत साईट रांगत होती आणि शिल्पा एकेक कॉलेज भरत होती. बाईंनी अप्पांना ते सांगितलं नाही. एकदा पाणी दिलं, बस. त्यांना फार बरं वाटत होतं.

पाच वाजता शिल्पा पळत बाहेर आली. "आजोबा! तुमी इथं? फॉर्म गेला माझा! मावशीचं नेट लई भारी हाय."

अप्पा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत म्हणाले, "सिंधुताई, काय मागायचं ते माग."

बाईंनी फळीवरचा फोन वायरीसकट ओढून अप्पांच्या मांडीवर ठेवला.

"चालू हाय," त्या म्हणाल्या. "लावा आता सोलापूरला. माझी आई वाट बघायली."