एका जर्मनासाठी उपास

आयुष्यभर बाबांनी एकही एकादशी धरली नाही. आईचा उपास असला की ते मुद्दाम तिच्यासमोर बसून कांदेपोहे खायचे. आणि सत्तरी ओलांडल्यावर, न्यूझीलंडमध्ये माझ्या घरी येऊन, हा माणूस एका जर्मनासाठी उपाशी राहिला. तेही मला न सांगता.

हा जर्मन म्हणजे बाबांचा नाटककार. पुण्यात तीस वर्षं जर्मन शिकवलं, पण बाबांनी जीव लावला तो याच्यावर. हॉटेलवाल्याचा मुलगा. शिल्पकार व्हायला निघाला, ते जमलं नाही, मग नाटकं लिहायला लागला. राजेराण्या बाजूला सारून त्याने रंगमंचावर उपाशी माणसं आणली, आणि ती त्याच्या मुलखातल्या बोलीत बोलायला लागली. पोलिसांनी नाटकावर बंदी आणली, बादशहाने थिएटरातली आपली राखीव जागा सोडली. हे सगळं मी वरणभाताबरोबर ऐकत मोठी झाले. ‘तो काय म्हणतो माहितेय?’ असं बाबांनी सुरू केलं की आई म्हणायची, त्याला म्हणावं आधी गॅसचा नंबर लाव.

माझं त्याच्याशी एकाच गोष्टीवरून वाकडं होतं. म्हातारपणी, नाझींच्या राज्यात, तो देशातच राहिला आणि गप्प बसला. भुकेल्यांसाठी पोलिसांशी भांडलेला माणूस, आसपासची माणसं उचलून नेली जात असताना चकार शब्द बोलला नाही. कॉलेजात असल्यापासून मी बाबांना याचा जाब विचारायची, जणू त्यांनीच काही केलं होतं. बाबांचं उत्तर ठरलेलं: म्हातारा माणूस होता, काय करणार. त्याच्या एका नाटकाचा अनुवाद करून त्यांनी वहीत ठेवला होता. त्याच्या प्रस्तावनेतही हेच वाक्य होतं. अनुवाद कुणी छापला नाही आणि कुणी बसवलाही नाही.

आई गेल्यावर, दोन हजार सहाच्या सुमारास, बाबा सहा महिन्यांसाठी हॅमिल्टनला आले. मी तिथे फार्मासिस्ट होते. तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात अर्धा तास मोकळा आहे असं कळल्यावर मीच वही पुढे केली. एक अंक निवडला. उपाशी घर, म्हातारा, मुलगा, सून आणि शेवटी कुठून तरी मिळालेली पेज. म्हातारा बाबांनी स्वतःकडे घेतला. मुलगा झाला डेअरी कंपनीतला एक इंजिनिअर, सून झाली मुंबईहून आलेली एक नर्स, आणि विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टिंगला मी.

तालमी आमच्या गॅरेजमध्ये झाल्या. बाबांनी सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं. रंगभूषा नाही. घोंगडी ऑप शॉपमधून, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलेली, जुनी आणि विटकी. पेज खरी आणि गरम हवी, नुसतं भांडं तोंडाला लावायचं नाही. नर्स म्हणाली, “काका, हीप्स भारी होणार.” बाबांनी ‘हीप्स’चा अर्थ विचारला, इकडे ‘खूप’ला तसं म्हणतात हे कळल्यावर तो शब्द वहीत टिपून घेतला.

प्रयोग शनिवारी दुपारी तीनला होता. बाबांना डायबेटिस. मी अकराला हॉलवर निघाले तेव्हा नेहमीप्रमाणे जेवणाआधीची गोळी त्यांच्या हातावर ठेवली, डबा दाखवला आणि जेवून घ्या म्हटलं. ते हो म्हणाले. गोळी त्यांनी घेतली, कारण गोळीच्या बाबतीत ते शिस्तीचे. डब्याला मात्र हात लावला नाही. नाटकातला म्हातारा दोन दिवस जेवलेला नव्हता ना. गोळी घेऊन न जेवणं म्हणजे काय, हे मी रोज काउंटरवर उभी राहून लोकांना समजावते. स्वतःच्या बापाला समजावायचं राहिलं.

तिसरी घंटा झाली. पहिली दहा मिनिटं बाबा उत्तम होते. मग त्यांचा हात थरथरायला लागला. मला वाटलं, काय काम करताहेत! हॉल गार होता, लोक जॅकेट घालून बसले होते, आणि बाबांचा सदरा पाठीवर ओला होत होता. एक वाक्य ते दोनदा बोलले. मी पुढचा शब्द टाकला, तो त्यांनी उचलला नाही. मग ते नर्सकडे वळून म्हणाले, “अगं, ऐकलंस का?” हे वहीत नव्हतं. अशी हाक ते आईला मारायचे.

तेव्हा मला कळलं. साखर उतरली होती.

आणि मी थांबले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पहिल्या रांगेत बायका डोळे पुसत होत्या. बाबांनी तीस वर्षं वाट पाहिली होती. पेज यायला एकच पान होतं, आणि पेज पोटात गेली की सावरतील असा मी हिशेब केला. मी पान उलटलं.

पेज आली. वाडगं त्यांच्या तोंडापर्यंत गेलंच नाही. सगळी पेज मांडीवर सांडली आणि एवढं भाजूनही ते दचकले नाहीत. मग मात्र मी विंगेमागच्या फराळाच्या टेबलावरचा फीजोआ या इथल्या फळाच्या ज्यूसचा ग्लास उचलला आणि जीन्स, पायात रबरी जँडल्स, छातीवर मंडळाचा बिल्ला, अशी स्टेजवर धावले.

“बाबा, प्या.”

त्यांनी माझा हात ढकलला.

“प्या म्हणते ना.”

नर्सच्या लक्षात आलं, तिने बाबांचं डोकं धरलं. घोट घोट करून ज्यूस आत गेला. लोकांना वाटलं, हाच शेवट. पडदा पडला तरी टाळ्या थांबेनात.

अँब्युलन्स आली, त्यांना एक दिवस हॉस्पिटलात ठेवून घेतलं. रविवारी घरी आणल्यावर मी त्यांना वाट्टेल ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि उपमा खाता खाता विचारलं, “तुला कधी कळलं?”

खोटं बोलता आलं असतं. “एक पान आधी,” मी म्हणाले.

“मग?”

“लोक रडत होते, बाबा. तुमचं नाटक चाललं होतं.”

ते चिडले नाहीत. टाळ्या पडल्या का एवढं विचारलं, मी खूप म्हटलं. त्यांनी बशीतला उपमा संपवला आणि वही मागितली.

थोड्या वेळाने मी बशी उचलायला गेले तेव्हा बाबा खुर्चीतच झोपले होते. वही मांडीवर उघडी होती. प्रस्तावनेतलं ‘म्हातारा माणूस होता, काय करणार’ हे वाक्य एका सरळ रेघेने खोडलेलं होतं. त्याच्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: त्याची नाटकं चालू होती.

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उलट उत्तर दिलं असतं.