सवच्या कुंडावर गोधड्या
गंधकाच्या साबणाची वडी उघडली, की मला महाडजवळच्या सव गावचं गंधकाच्या ऊन पाण्याचं कुंड आठवतं आणि अजून रागच येतो. भाताच्या लावणीत वाकून वाकून आईचे गुडघे आखडले होते. होडीने सावित्री ओलांडून तिला त्या कुंडात दिवसभर निवांत बसवायचं, असा बेत मी दिवाळीपासून करत होते. वडिलांना पटवलं, म्हशीची धार काढायला काकूला सांगितलं. माघातल्या थंडीत आमच्या कापडे गावाहून पहिली एस्टी धरायला निघालो, तर आईच्या डोक्यावर हे एवढं गाठोडं. घरातल्या सगळ्या गोधड्या, वर शेजारणींच्याही. "ते ठेव घरी," मी म्हटलं. "ठेवू कशाला? आयतं ऊन पानी हाय, निस्ती बसून काय करू गो?" कुंडावर वाफ तरंगत होती, बायका गळ्याइतक्या पाण्यात डोळे मिटून बसल्या होत्या, आणि आई खाली, कुंडातून वाहून जाणाऱ्या पाण्याच्या कडेला, दगडावर गोधड्या आपटत होती. "आये, गुडघे तरी बुडव." "येवढी झाली की बसते." शेवटची गोधडी पिळेपर्यंत सावित्रीच्या खाडीला ओहोटी लागली आणि होडीवाला हाका मारू लागला. ओल्या गोधड्यांचं दुप्पट ओझं घेऊन आम्ही परतलो. परवा डॉक्टरांनी मलाही गुडघे शेकायला सांगितले. टबात गरम पाणी भरलं, पाय सोडले, जेमतेम घटकाभर बसले, आणि उठून त्याच पाण्यात घरातली पायपुसणी भिजत घातली.