सोफ्याच्या पोटातली पिल्लं

गिऱ्हाइकाचा सोफा दुरुस्तीला दुकानात आला की गादीकाकू आधी त्याला कुशीवर लोटतात आणि तळाचं कापड उसवतात. वरून कितीही नटूनथटून आलेला असो, त्याचं खरं दुखणं पोटात कळतं, असं त्यांचं म्हणणं. शाळेतल्या बाईंकडचा जुना सोफा त्यांनी असाच लोटला, तर आतून बारीक 'कुर्र' झालं.

"स्प्रिंग बोलतेय," दारात टेम्पो पुसत असलेले काका म्हणाले. काका म्हणजे काकूंचे यजमान, शिवाय टेम्पोचे मालक, चालक आणि हमाल.

"स्प्रिंग अशी नाही बोलत. तिच्याशी माझा संसार तुमच्यापेक्षा जुना आहे."

काकूंनी पकडीनं भराभर पिना उपटल्या. कापड एका कोपऱ्यात आधीच फाटलेलं होतं. त्यांनी आत हात घातला आणि हात तसाच थांबला.

"अहो, इकडे या. आणि ओरडू नका."

काथ्याच्या खळग्यात मांजराची तीन पिल्लं एकमेकांना चिकटून पडली होती. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, अंगावर नावाला केस. त्यातलं राखाडी तर हलतही नव्हतं.

काकूंनी हात अलगद मागं घेतला. सकाळी सोफा उचलायच्या आधी खाली वाकून बघायचं राहिलं होतं. घाई काकांची, पण 'उचला' म्हणाल्या त्या स्वतः. आई कुठं दोन घास शोधायला गेली असेल, आणि आपण तिचं घरच टेम्पोत घालून आणलं.

"दूध आणू का?" काका कुजबुजले.

"थांबा. आधी विचारू."

जनावरांच्या दवाखान्यातल्या बाकांच्या गाद्या काकूंनीच भरल्या होत्या, त्यामुळे डॉक्टरांचा नंबर हाताशी होता.

"दूध बिलकूल पाजू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधी ऊब द्या. गारठलेल्या पिल्लाला पाजलं तर ते हातचं जातं. आणि आईला शोधा."

"नाही सापडली तर?"

"तर इकडे घेऊन या, बाटलीवर प्रयत्न करू. पण इतक्या लहान पिल्लांची मी खात्री देत नाही, काकू. आईसारखं औषध नाही."

काकूंनी लगेच शाळेतल्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अहो, एक काळीपांढरी मांजर सकाळपासून मागच्या व्हरांड्यात घिरट्या घालतेय. सोफा होता तिथं जाऊन बसते, ओरडते, परत उठते. खायला ठेवलं, पण तिनं ढुंकूनही बघितलं नाही."

"तिला हाकलू नका. आलोच."

गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळली, दुकानातलं एक रिकामं खोकं घेतलं, त्यात पिल्लं ठेवली आणि दोघं निघाली. वाटभर काकूंनी राखाडी पिल्लू ओंजळीत धरून त्याला तोंडाची वाफ दिली. काका एरवी खड्ड्यांना शिव्या घालत गाडी चालवतात. आज खड्डे चुकवत चालवली.

बाईंच्या व्हरांड्यात खोकं सोफ्याच्या जागी ठेवून तिघं स्वयंपाकघराच्या खिडकीआड उभी राहिली. मांजर आली. खोक्याजवळ गेली, मान लांब केली, नाक पुढं नेलं आणि अंगावर काही सांडल्यासारखी मागं उडाली. फिस्कारली आणि कुंपणाच्या भिंतीवर जाऊन बसली.

"आपल्याच पोरांवर फिस्कारते?" काकूंना ते फार लागलं.

बाईंनी नाकाला रुमाल लावला होता. "काकू, राग मानू नका. पण ते खोकं कसलं आहे? माझेसुद्धा डोळे चुरचुरताहेत."

"कसलं म्हणजे? सोल्युशनच्या डब्यांचं. फोम चिकटवायचं..." काकूंचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. त्यांनी आपला तळवा हुंगला. काही नाही. तो काकांच्या नाकाशी धरला.

"मला तर काहीच वास येत नाही," काका म्हणाले.

"तुम्हाला काय येणार! आपली दोघांची नाकं केव्हाच कामातून गेलीत."

खोकं बाजूला झालं. पूर्वी सोफ्यावर पडलेली असायची ती जुनी शाल बाईंनी काढली, पिल्लं तिच्यात घेतली आणि बाटलीसकट कुशीत धरून बसल्या. राखाडी पिल्लाचं पोट हलतंय की नाही, हे आता डोळे ताणून बघावं लागत होतं.

"टेम्पो काढा," काकू म्हणाल्या.

"दवाखान्यात ना?"

"सोफा आणायला. मांजर पोरं नंतर ओळखेल, आधी घर ओळखेल."

"अगं, तो उसवून पडलाय."

"उसवलाय मी, शिवेनही मी. बाई, तुमच्याकडे पाहुणे यायचेत, पण सोफा काही दिवस..."

"पाहुणे खुर्चीवर बसतील. तुम्ही निघा."

दुकानात काकूंनी साबणानं कोपरापर्यंत हात घासले आणि मग त्याच सोफ्यातल्या जुन्या काथ्यात खसाखसा चोळले. सोल्युशनचा डबा काकांना पार शेजारच्या दुकानात ठेवायला लावला. नवा फोम नाही, नवं कापड नाही. जुनं तळाचं कापडच दाभणानं टाचत त्या लाकडी चौकटीभर फिरल्या. फाटलेल्या कोपऱ्याशी येऊन हात थांबला.

"तेवढं भोक बुजवायचं राहिलं," काका म्हणाले.

"राहिलं नाही. ते दार आहे."

फाटकं काम या दुकानातून पहिल्यांदाच बाहेर पडत होतं, आणि काकू ते टेम्पोत चढवताना लोक बघताहेत का म्हणून मान वळवूनसुद्धा बघत नव्हत्या.

व्हरांड्यात फरशीवर सोफ्याच्या पायांचे चार डाग होते. पाय बरोबर त्या डागांवर टेकवले. काकूंनी पिल्लं एकेक करून भोकातून खळग्यात सोडली. राखाडी सगळ्यात शेवटी. मग परत खिडकीआड.

मांजर भिंतीवरून उतरली. सोफ्याला एक फेरी मारली. एका पायाला गाल घासला. मग खाली वाकली, डोकं भोकात घातलं, आणि बघता बघता शेपटीसकट आत गेली.

आतून आधी चाटण्याचा आवाज आला, मग चिरकी कुरकूर, मग काहीच नाही. काकूंना राहवलं नाही. त्या हळूच गेल्या, फरशीवर पालथ्या पडल्या आणि गाल टेकवून आत बघू लागल्या.

"राखाडी?" खिडकीतून बाईंनी विचारलं.

"पितंय. दोघांना लाथा घालून पितंय."

काका खिडकीशीच उभे होते. ते बाईंना हळूच म्हणाले, "बघितलंत? ही आमची." आणि डोळ्यांत काही गेल्यासारखं करत टेम्पोकडे गेले.

अंगणात येऊन काकूंनी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, काथ्यापासून दारापर्यंत. पलीकडे डॉक्टरीणबाई हसल्या.

"काकू, हे मला सुचलं नसतं. पुन्हा कुणाच्या सामानातून अशी पिल्लं निघाली, तर तुमचा नंबर देऊ का त्यांना?"

काका टेम्पोतून दोन्ही हातांनी 'नको, नको' करत होते. काकूंनी केसांतला काथ्या झटकला आणि ताठ उभ्या राहिल्या.

"द्या की. लिहून घ्या."

नंबर डॉक्टरांच्या फोनवर दिसतच होता. तरी काकूंनी तो एकेक आकडा सुटा करून, खिडकीतल्या बाईंना आणि टेम्पोतल्या काकांना नीट ऐकू जाईल इतक्या आवाजात, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला.