पहारीला कान लावणारे आबा

ओढ्याला किती जोर आहे असं विचारलं, की आबा पाण्याकडे बघत नसत. पहारीचं एक टोक पाण्याखालच्या धोंड्यांत रोवायचं आणि दुसऱ्याला कान लावून उकिडवं बसायचं, ही त्यांची रीत. तळातून गडगडत जाणारे गोटे त्यांना लोखंडातून ऐकू येत. "बारकं निघाल्यात," म्हणत. कधी गंभीर होऊन, "थोरलं उठलं."

पाटणच्या वरच्या डोंगरात पूर दगडगोटे किती लांब नेतो, हे मोजायला मला पाठवलं होतं. मी नवाकोरा इंजिनिअर. दगडांना पिवळा रंग द्यायचा, नंबर घालायचे आणि पूर ओसरला की ते हुडकत फिरायचं. आबा माझे रोजंदारीवरचे मदतनीस. मी त्यांना पुस्तकातलं गणित सांगे, तर ते म्हणत, "सायेब, नुसत्या पान्याच्या जोरावर न्हाई. म्होरचा धोंडा हलल्याबिगर मागचा हलत न्हाई. आन् त्यो हलला, की समदी रांग निघती." हे मी अहवालात जड भाषेत घुसडलं आणि शाबासकी लाटली.

त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणे. तिची जीभ तिखट. "लोकांची मानसं टीव्ही बघत्यात, आमचं पहार ऐकतंय!"

त्या वर्षी भातलावणीला गेलेल्या मावशी आणि चार बायका भरदुपारी पलीकडच्या काठावर अडकल्या. ओढा ओलांडायची फरशी, म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल, पाण्याखाली. पाऊस धो धो. आबा पहारीला चिकटलेले. आणि बघता बघता पाणी उतरलं, फरशी उघडी पडली. मला केवढा आनंद झाला! मी दोन्ही हात हलवून बायकांना या, या, अशी खूण केली. मावशी इरलं सावरत फरशीवर उतरलीसुद्धा.

आबांनी मान वर केली. चेहरा पांढराफटक.

"गोटं थांबलं."

"मग बरंच झालं की, आबा."

"पाऊस हाय आन् गोटं थांबलं? वर कडा ढासळून पानी तुंबलंय, सायेब!"

ते ओरडले, पण पावसात आवाज पोचेना. तेव्हा त्यांनी हाताला लागतील ते दगड उचलून बायकोच्या दिशेनं भिरकावायला सुरुवात केली. एक तिच्या नडगीवर बसला. मावशी संतापली, शिव्या देत माघारी वळली. बायकांनी तिला वर ओढून घेतलं आणि तेवढ्यात चिखल, झाडं आणि जीपएवढाले धोंडे वरून एकदम आले. फरशी त्यांच्याबरोबर गेली. मी तिथंच बसून रडलो.

संध्याकाळी अख्खा गाव विचारू लागला, बायकांना बोलावलं कुणी? मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "म्या हात केला. चुकलं." पुढं कित्येक महिने गावानं त्यांना फाडून खाल्लं. आधी बायकोला बोलावतो अन् मग दगड मारतो म्हणून टिंगल केली. मी गप्प राहिलो. नोकरी नवी होती, भ्यालो. त्याची लाज मला आजही वाटते.

गेल्या हिवाळ्यात आबा गेले. मी सांगलीहून भेटायला गेलो आणि मावशीसमोर एकदाचं सगळं ओकलो. ती तांदूळ निवडत होती.

"ठावं हाय मला. ह्येंचं कान पहारीला. हात कुठनं करनार? मला तुमीच दिसला हुता."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

तिचा हात सुपात थांबला.

"गावाम्होरं ह्येंनी शबूद दिला हुता. त्यो म्या कसा खोटा पाडू?"